पाहुण्यांचं मशीन

नारीन गावच्या तंत्रशाळेत जुमादिल उस्तादानं एकतीस वर्षं वेल्डिंग शिकवलं. त्यातली अठ्ठावीस बरी गेली. डोळे चुरचुरायचे, पण सकाळी कामावर जाताना मान ताठ असायची. या शाळेत येतात ती पोरं तरी कुठली? आईबाप रशियात राबायला गेले आणि तिकडचेच झाले अशी, नाहीतर अनाथाश्रमात वाढलेली. दुसऱ्या कुठल्या शाळेनं त्यांना दारात उभं केलं नाही. उस्ताद त्यांच्या हातात रॉड द्यायचा आणि म्हणायचा, "भितोस काय? लोखंड काही बापाचं नाव विचारत नाही." त्याच्या हाताखालची पोरं थंडीत नळ फुटले की गावभर बोलावली जायची.

मग तीन वर्षांपूर्वी ते मशीन आलं.

एका परदेशी संस्थेनं भेट दिलेलं, स्टेनलेसचे पाईप आर्गॉन वायूवर जोडणारं. शाळेची प्रमुख साबिरा, जिला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणतात, तिनं फीत कापली, मेंढी कापली, फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी उस्तादाच्या हातात किल्ली दिली.

"पोरं धसमुसळी आहेत, उस्ताद. देणारे पुन्हा बघायला येणार. तेव्हा मशीन कसं, आजच खोक्यातून काढल्यासारखं दिसलं पाहिजे."

आणि म्हाताऱ्याला ते पटलं! राग येतो तो याचाच. पण पटणार नाही तर काय होणार? त्याच्या घरी भिंतीला टेकून छतापर्यंत नव्याकोऱ्या रजया रचलेल्या, आणि घरचे सगळे ठिगळं लावलेल्या पांघरुणात. आमच्याकडे घरोघरी हेच. चांगलं ते पाहुण्याला. उस्तादानं मशीनवर बायकोनं शिवलेली झूल घातली, मागच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि दर शुक्रवारी आत जाऊन धूळ पुसू लागला. वहीत मात्र अभ्यासक्रमाप्रमाणे लिहिलं जायचं: आर्गॉनचा सराव, प्रत्येकी दोनशे तास. खाली सही जुमादिलची.

पेरिझात ही त्याच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. वय एकोणीस, अनाथाश्रमातून आलेली. तिच्यासारखा हात उस्तादानं एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. तिची आठ वर्षांची बहीण आयझादा अजून आश्रमातच होती, आणि राजधानीतलं, बिश्केकचं एक जोडपं तिला दत्तक मागत होतं. आश्रमाच्या बाईंनी पेरिझातला स्वच्छ सांगितलं होतं, "जून संपायच्या आत पक्क्या नोकरीचं पत्र आण आणि बहिणीला घेऊन जा. नाहीतर ती त्यांची. मग नावही बदलतील आणि पत्ताही तुला मिळायचा नाही."

पक्की नोकरी आर्गॉनवाल्यालाच मिळते असं सगळे म्हणायचे, म्हणून पोरगी मशीनसाठी जीव टाकायची.

"उस्ताद, एकदाच. पाच मिनिटं."

"खुळी का काय तू? गॅस संपला तर पाहुण्यांना काय दाखवू, माझं टक्कल?"

"टक्कलही चकाकतंच की, उस्ताद. त्यालाही झूल घाला."

वर्ग खो खो हसला, उस्तादही हसला. पण किल्ली खिशातून निघाली नाही. त्यानं तिला दोन पेन्सिली दिल्या. एक म्हणजे टॉर्च, मशीनची ठिणगी पाडणारी नळी, दुसरी म्हणजे वितळवायची तार. डब्याच्या कडेवरून ती तासन्‌तास पेन्सिली फिरवत बसायची. अहो, पेन्सिलीनं कुणी वेल्डिंग शिकतं का!

जून संपायला दोनच दिवस उरले असताना, मंगळवारी, वरच्या खाणीची माणसं वेल्डर निवडायला आली. त्यांचा मुख्य वेल्डर एर्मेक, आखडू पण कामातला माणूस. तो म्हणाला, "आमच्याकडे आता सगळं स्टेनलेस. आर्गॉनवर करून दाखवा."

एजेनं मोठ्या तोऱ्यात झूल उचलली. मशीन लखलखत होतं. पेरिझात पुढे झाली. पहिल्याच झटक्याला टॉर्चची सुई पाईपला चिकटली. दुसऱ्यांदा पाईपला भोक पडलं. तिसऱ्यांदा तार वितळून नुसता गोळा झाला आणि एर्मेकनंच मशीन बंद केलं.

"यावर किती तास काम केलंयस?"

पेरिझातनं उस्तादाकडे पाहिलं. खरं बोलावं तर सगळ्यांसमोर उस्ताद खोटा पडतो. आमच्यात पोरं मोठ्यांना असं उघडं पाडत नाहीत.

"दोनशे," ती म्हणाली.

एर्मेक वळला. "खरं का, उस्ताद?"

एजे त्याच्याकडे बघत होती. एक शब्द, फक्त 'नाही' म्हणायचं होतं. जुमादिलनं खिशातली किल्ली चाचपली.

"दोनशे," तोही म्हणाला.

मग जेवण. पाहुण्यांपुढे मेंढीचं डोकं ठेवलं, वयाचा मान म्हणून उस्तादाला मांडीचं हाड दिलं. एर्मेक खाता खाता बोलत होता, "मागच्या गावातून दोघं घेतले. कधी मशीनला हातही लावला नव्हता. तसं सरळ सांगितलं बिचाऱ्यांनी. असल्यांना आम्हीच तीन महिन्यांत तयार करतो. पण दोनशे तास करूनही भोक पाडते, तिला काय शिकवणार?"

उस्तादाच्या हातातलं हाड हातातच राहिलं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात एजे म्हणाली, "खा ना उस्ताद, गार होतंय." आणि तो खायला लागला. लाज कशी वाटली नाही, असं कुणी विचारलं तर वाटली होती. पण लाज वाटूनही माणूस घास गिळतो.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी धूळ पुसायचं फडकं हातात घेतलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. फडकं तिथंच फेकून त्यानं खाणीची बस पकडली. एर्मेकच्या टेबलापाशी उभं राहून सगळं ओकला, वहीतली खोटी सहीसुद्धा.

एर्मेकनं विचारलं, "मंगळवारीच का नाही बोललात?" पण त्यानं पत्र लिहून दिलं. पेरिझात, पक्की नोकरी, शिकवण्याची जबाबदारी खाणीची.

साठीला टेकलेला माणूस बसमधून उतरून आश्रमापर्यंत धावत गेला. पेरिझात पायरीवर बसली होती. त्यानं पत्र तिच्या पुढ्यात धरलं. धापांमुळे बोलता येईना. तिनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे माझा हात वाईट नाही?"

"नाही गं पोरी. तुझा हात सोन्याचा आहे. न शिकलेल्यांनाही घेतात ते. मी खरं बोललो असतो तर तेव्हाच..."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची संधी होती. या वेळी तो बोलला नाही.

"मंगळवारी. जेवताना."

पेरिझातनं पत्राची घडी घातली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मुदत काल संपली. आयझादाला आज सकाळी नेलं," ती म्हणाली. "मी सोमवारपासून कामावर जाईन, उस्ताद. पण तिचं नाव आता दुसरंच असेल. मी तिला कुठल्या नावानं शोधू, तेवढं सांगा."