दीड ओळ

ताईच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी कापलं. बारा पानांचं दहा केलं.

प्रबंध इंग्रजीत होता आणि विषय कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस. गणिताच्या या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी एका जर्मन गणितज्ञाचं आयुष्य आणि काम पहिल्या प्रकरणात थोडक्यात यायचं होतं. मार्गदर्शक सरांनी ताईला दहा पानांची मर्यादा घातली होती. पुढची पाच प्रकरणं निव्वळ गणिताची होती, ती मला कळत नव्हती. हे प्रकरण कळतं असं मला वाटलं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी तेवीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो आहे. दुसऱ्याचा मजकूर पानात बसवणं हाच माझा व्यवसाय.

ताई पांडेसरातल्या मराठी शाळेत गणित शिकवते. लग्नाच्या वेळी एम.एस्सी. अर्धी सुटली होती. ती तिने पस्तिशीनंतर पूर्ण केली आणि चाळिशीनंतर पीएच.डी.ला नाव घातलं. शाळा, घर, आणि आई गेल्यानंतर वडील, हे सगळं सांभाळून काम चाललं होतं. नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली. तिसरी मिळणार नव्हती. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला असता, तर मुदतीबाहेर गेला असता आणि नोंदणी रद्द झाली असती.

त्या गणितज्ञाचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. आबा, म्हणजे आमचे वडील, त्याला ‘जर्मन मास्तर’ म्हणत, आणि तेच नाव पडलं. त्याच्या बापाला तो सरकारी अधिकारी व्हायला हवा होता, म्हणून त्याला कायदा शिकायला पाठवलं. चार वर्षं तलवारबाजी आणि बिअर यांत काढून तो परीक्षा न देता घरी परतला. मग शाळामास्तर झाला. लहान गावांतल्या शाळांत त्याने बरीच वर्षं काढली. गणिताबरोबर त्याला मुलांचं अक्षर घोटून घ्यावं लागे, कसरतीचे तासही घ्यावे लागत. स्वतःचं गणित तो उरलेल्या वेळात करायचा. ते जगापुढे आलं तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. डॉक्टरेट नव्हती. एका विद्यापीठाने ती सन्मान म्हणून दिली, आणि पुढे मोठ्या शहरात प्राध्यापकी मिळाली.

ताईने हे पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, “हाऊ त पी.टी. मास्तर शे.”

“हो आबा. आणि माझ्यासारखाच उशिरा मार्गी लागला,” ताई म्हणाली.

डेस्कवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमी खालून कापायची. महत्त्वाचं वर असतं आणि शेवटच्या ओळी गेल्या तरी कोणाचं अडत नाही. ताईचं प्रकरण मी तसंच कापलं. प्रत्येक परिच्छेदाची शेपटी पाहिली, जास्तीची वाटली तिथे उडवली. दहावं पान संपताना दीड ओळ पुढच्या पानावर जात होती. ती एका वाक्याचा शेवट होती आणि ‘जर’ने सुरू होत होती. तिच्याशिवायही वाक्य पूर्ण होत होतं, म्हणून मी ती काढली. प्रकरण बरोबर दहा पानांत बसलं याचं मला समाधान वाटल्याचं आठवतं. ताईने गणिताची प्रकरणं तीनदा तपासली. हे तपासलं नाही, कारण ते भावाने पाहिलं होतं.

प्रबंधाच्या सहा प्रती बांधल्या; एक घरी ठेवून बाकीच्या विद्यापीठात गेल्या. तोंडी परीक्षेची तारीख आली. तिच्या चार दिवस आधी, रविवारी सकाळी, ताईचा फोन आला. “बमरोलीला ये. आत्ता,” एवढंच बोलली.

मी आबांच्या घरी पोहोचलो तेव्हा ते खाटेवर बसून चहा पीत होते. ताईने प्रबंध दहाव्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवला.

“ही ओळ वाच.”

मी वाचली. सलग रेषांची एक मालिका एखाद्या रेषेच्या जवळ जवळ जात असेल, तर ती रेषाही सलगच असते, असा तिचा अर्थ होता.

“बरोबर वाटतं,” मी म्हणालो.

“तुला वाटणारच. त्याच्या आधी भल्याभल्यांना वाटलं होतं. पुढे काय होतं? ‘जर सगळीकडे एकाच चालीने जात असेल.’ कुठे आहे ते?”

“पानात बसत नव्हतं.”

“ही अट पाळा, हे शिकवण्यात त्या माणसाचा जन्म गेला. तीच तू कापलीस. तुमच्या पेपरात माणूस मरतो तोही पानात बसेल एवढाच मरतो का रे?”

तिने समोरच मार्गदर्शक सरांना स्पीकरवर फोन लावला. सर गुजराती, सज्जन आणि घाबरट. “बेन, शांति राखो,” ते म्हणाले. पहिलं प्रकरण कोणी नीट वाचत नाही, असं त्यांचं मत होतं. विचारलं तर सांगायचं, छपाईत राहिलं. नाही विचारलं तर आपण होऊन बोलायचं नाही. फोन ठेवताना त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

मलाही ते पटलं. बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंच्या दराऱ्याबद्दल आम्ही ऐकलं होतं. मूळ अटच माहीत नसलेली विद्यार्थिनी, असा त्यांचा समज झाला तर पुढची पाच प्रकरणं त्या कोणत्या नजरेने पाहतील, हे उघड होतं.

“काय झायं?” आबांनी विचारलं. ताईने सांगितलं. गणित सोडून सगळं त्यांना लगेच कळलं.

आबांनी बमरोलीतल्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं कापड तपासलं. खालून उजेड असलेल्या टेबलावरून ताका ओढायचा आणि दोष दिसला की त्याच्या समोर किनारीला लाल दोरा बांधायचा. तुटलेली तार, तेलाचा डाग, ढिला पट्टा, काहीही असो. दोरा बांधलेला दोष मार्केटमधला व्यापारी मान्य करायचा, तेवढा भाग वगळून माल घ्यायचा. दोरा नसलेला एक जरी दोष त्याला सापडला, तर अख्खा ताका परत यायचा, आणि त्या खात्याचे पुढचे सगळे ताके तो उलगडून पाहायचा.

“आठे फाल्ट शे ना?” आबांनी पानावर बोट ठेवलं. “मंग दोरा बांध. गिऱ्हाईकले पहिले तूच दखाडी दे.”

“आबा, हे कापड नाहीये,” मी म्हणालो.

“तू गप बस. तुनी कात्रीनंच झायं.”

ताई हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच.

तोंडी परीक्षा गुरुवारी दुपारी होती. मी आणि आबा मागच्या रांगेत बसलो. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ताईने पडद्यावर प्रबंधाचं शीर्षक दाखवलं. त्यानंतर पद्धत अशी की विषयाची ओळख करून द्यायची. तिने पुढचं पान दाखवलं, त्यावर फक्त दहाव्या पानावरचं ते वाक्य होतं.

“सुरुवात चुकीपासून करते,” ती म्हणाली. “या वाक्यातली अट राहिली आहे. अटीशिवाय विधान खोटं आहे.”

सरांनी डोळे मिटले. परीक्षक बाईंनी समोरची प्रत उघडली. दहाव्या पानावर पिवळी चिठ्ठी लावलेली मला मागूनही दिसली.

“मी इथूनच सुरू करणार होते,” त्या म्हणाल्या. “खोटं आहे, तर दाखवा.”

ताई फळ्याकडे वळली. तिने शून्यापासून एकपर्यंतच्या संख्या घेतल्या. प्रत्येक संख्येला त्याच संख्येने गुणत जायचं, पुन्हा पुन्हा. प्रत्येक टप्प्यावर सलग रेषा मिळते. अर्ध्याचा पाव होतो, पावाचा आणखी लहान. एकाच्या अगदी जवळची संख्याही रखडत रखडत शेवटी शून्याकडेच जाते. फक्त एकाचा एकच राहतो. सगळी रेषा जमिनीवर आणि टोकाचा एक बिंदू वर, म्हणजे रेषा तिथे तुटली. सगळ्यांची चाल सारखी नव्हती, म्हणून तुटली. शाळेतल्या मुलांना सांगावं तसं तिने सांगितलं. मलाही कळलं.

“अशी मांडणी करून शिकवता येणारे कमी असतात,” बाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी काढली आणि पान उलटलं. “अट राहिली कशी?”

“प्रबंध माझा आहे. मी तपासायला हवं होतं.”

माझ्या शेजारी आबा पुटपुटले, “ह्यानी कापं.” सुदैवाने आवाज पुढे गेला नाही.

त्यानंतर दीड तास प्रश्न चालले. त्यांतले बरेच मला कळले नाहीत, पण बाईंचा आवाज मात्र कळत होता. त्या तपासत नव्हत्या, बोलत होत्या. शेवटी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी सर बाहेर आले आणि त्यांनी आबांचा हात हातात घेतला. प्रबंध मान्य झाला होता. अट एवढीच होती की प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायचं. ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने चपला काढल्या. दिवसभर त्या चावत होत्या, असं तिने तेव्हा सांगितलं.

शुद्धिपत्र करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. सहा चिठ्ठ्या, एकाच मापाच्या. मी वाक्य टाइप केलं, मग थांबलो आणि ते फिरवलं. ‘जर सगळीकडे एकाच चालीने जात असेल’ हे सगळ्यात आधी घेतलं, बाकीचं नंतर. ताईला विचारलं, चालेल का.

“गणिताला चालतं,” ती म्हणाली. “पण तुमच्यात वरून कोणी कापत नाही ना?”

“जाहिरात आली तर कापतात.”

तिने चिठ्ठ्या माझ्या हातातून घेतल्या आणि स्वतः चिकटवल्या. घरच्या प्रतीत आबांनी दहाव्या पानाशी लाल दोरा घातला आहे. तो अजून तिथे आहे.