शंकासुराची राखीव स्लाइड

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे शंकासूर म्हणत. ते नाव मीच ठेवलं होतं, हे आधीच कबूल करते. साहेबांना कुठे काही पटवून द्यायचं असलं की प्रेझेंटेशन हाच बनवायचा. माझं टेबल त्याच्या शेजारी, त्यामुळे एकोणीस वर्षं त्याचं काम जवळून पाहिलं. स्वतः तो कधी उभा राहून बोलला नाही. चार माणसांसमोर त्याची बोबडी वळायची. पण दुसऱ्याला बोलायला तयार करावं तर त्यानेच.

एका स्लाइडवर एकच मुद्दा. अक्षर एवढं मोठं, की शेवटच्या खुर्चीतल्या माणसालाही चष्म्याशिवाय वाचता यावं. आणि आदल्या दिवशी रंगीत तालीम. साहेब पडद्याजवळ उभे राहून बोलायचे, हा रिकाम्या सभागृहात शेवटच्या खुर्चीत बसायचा आणि शेवटी असा एक प्रश्न टाकायचा की साहेबांना घाम फुटावा. मग त्याचं उत्तर शोधून तो एक राखीव स्लाइड करायचा. ती ‘धन्यवाद’च्या मागे दडलेली असायची. कुणी विचारलंच, तर बाहेर काढायची.

घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आईवडील लवकर गेले. ताईने आमच्याच कारखान्यात तपासणीच्या बाकावर बसून त्याला शिकवलं. पट्ट्यावरून बाटल्या येत, बायका एकेक उचलून डोळ्यांसमोर धरत आणि तडा गेलेली बाजूला काढत. सव्वीस वर्षांत ताईच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा झाला होता. निवृत्तीला अजून सहा वर्षं होती, आणि दुसरं काम तिला येत नव्हतं.

आणि साहेबांनी त्यालाच प्रेझेंटेशन करायला सांगितलं: तपासणीला कॅमेऱ्याचं मशीन आणायचं, चाळीस बायकांना घरी बसवायचं.

“नाही म्हणून सांग,” मी म्हणाले. “आजारी पड हवं तर.”

“मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करेल. आणि मोठ्या बाई आहेत ना. त्या एका प्रश्नात सगळं आडवं करतील.”

मोठ्या बाई म्हणजे संचालकांमधल्या सर्वांत जुन्या. तो प्रश्न आम्हा दोघांनाही ठाऊक होता. तपकिरी बाटलीच्या मानेवरचा केसाएवढा तडा मशीनला दिसतो का? दिसत नव्हता. मशीन विकणारेसुद्धा तिथे गप्प झाले होते.

तालमीच्या दिवशी त्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. या वेळी मीही मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसले होते. साहेब बोलून थांबले आणि म्हणाले, “हं, विचारा.” मी डोळे वटारून त्याच्याकडे पाहत होते. तो खाली मान घालून बसला. मग त्याने विचारलं. तोच प्रश्न.

“याचं उत्तर काय?” साहेब घाबरले.

“बघतो,” हा म्हणाला.

जागेवर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. “जीभ आवरता येत नव्हती तुला?”

“अर्धवट काम हातून जात नाही गं माझ्या.”

असला नेकपणा काय जाळायचाय! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

संध्याकाळी घरी चहा पिताना त्याने ताईला सहज विचारलं, तो तडा तुला सापडतो कसा? ताईला कोण आनंद झाला! इतक्या वर्षांत तिला तिच्या कामाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने फळीवरची औषधाची तपकिरी बाटली काढली, तिरकी धरली आणि खालून टॉर्च लावला. “असा खालून उजेड पडला की तडा चमकतो बघ.” याने मोबाइलवर फोटो काढला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, माझ्याकडे न बघता.

सभेत मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि नेमकं तेच विचारलं. साहेब हसले. राखीव स्लाइड आली: बाटली तिरकी, दिवा खाली, की कॅमेऱ्यालाही तडा स्वच्छ दिसतो. “अभ्यास चांगला केलाय,” बाई म्हणाल्या, आणि ठराव मंजूर झाला.

ताईजवळ त्याने यातला चकार शब्द काढला नव्हता. पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये सगळ्या बायकांना बसवून तेच प्रेझेंटेशन दाखवलं. त्या स्लाइडचं साहेबांना आता इतकं कौतुक, की त्यांनी ती न विचारताच लावली. भिंतीएवढा हात, हातात तपकिरी बाटली, वाकडा अंगठा. एकेक बाई वळून ताईकडे बघायला लागली. मी तिच्या शेजारीच, शेवटच्या बाकावर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लॅपटॉपशी पाठमोरा उभा होता.

सगळ्या उठल्यावर तो ताईसमोर आला. तिने त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटत होतं.

“मागच्या बाकावरूनही अगदी स्वच्छ दिसत होतं रे,” ती म्हणाली. मग तिने कामाचे हातमोजे काढले आणि घडी घालून त्याच्या हातात ठेवले.

“हे कुठे जमा करायचे असतात? तेवढं विचारून ये.”