रेहानासाठी आलेला फोन

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, मुंबईत ज्या मुलींसोबत एका खोलीत राहिले त्यांच्याजवळही नाही. मी मुळात कमी बोलते. लोक म्हणतात, लाजाळू आहे. आहेच मी. पण लाजाळू माणसाला कुणी फार खोदून विचारत नाही, आणि त्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली. आज तुम्हाला सांगायला बसले आहे खरी — नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

कुठून सुरू करू? त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या अमरावतीकडे कॅमेरे फार यायचे. रोज कुठल्यातरी गावाचं नाव पेपरात असायचं, आणि ते वाचून मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या भरून यायची. आधी बातम्यांवाले आले, मग माहितीपटवाले, आणि मग एक सिनेमावाले. वलगावच्या पुढे एका खेड्यात त्यांचं शूटिंग होणार होतं आणि छोट्या भूमिकांसाठी त्यांना इथलेच चेहरे हवे होते. कॉलेजात नाटक करणाऱ्या आम्हा मुलींना ते कळलं तेव्हा आनंद झाला. हो, आनंदच. दुसरा शब्द सापडत नाही. कुणाच्या घरातलं माणूस गेलं होतं म्हणून आम्हाला काम मिळणार होतं, आणि आम्ही आरशासमोर उभं राहून रडून पाहत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि रेहाना. ती माझ्याच वर्गात होती. तिच्या वडिलांचं — मी त्यांना सलीमचाचा म्हणायची — शेतातल्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. घरात ती उर्दूमिश्रित हिंदी बोलायची आणि बाहेर अस्सल वऱ्हाडी. माझं उलट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरात ‘मले-तुले’ निघालं की आई डोळे वटारायची. त्यामुळे मी जन्माची इथली असून इथली भाषा माझ्या तोंडात पाहुण्यासारखी बसायची. सिनेमावाल्यांना तर तीच भाषा हवी होती. मग रेहानानं मला शिकवायला घेतलं.

“काहून वं मृणाल, तू त अशी बोलून राहिली जशी बँकेत चेक भरून राहिली,” ती म्हणायची, आणि पोट धरून हसायची. मग तेच वाक्य पुन्हा, माझ्या तोंडात बसेपर्यंत.

ऑडिशन अकोल्याला होती, एका मंगल कार्यालयात. चाचांनी दुकान बंद ठेवलं आणि ते एस.टी.नं आम्हाला घेऊन गेले. बाहेर कडुनिंबाखाली इतर मुलींचे बाप, भाऊ बसले होते, त्यांच्यात ते जाऊन बसले. आत जाताना आमचे चेहरे पाहून म्हणाले, “घाबरू नका. कॅमेरा म्हणजे काय, एक मशीनच त आहे. बिघडली त मी आहो.”

आत कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावीकडे-उजवीकडे वळून चेहरा दाखवायचा, शेवटी फोन नंबर. रेहानाकडे स्वतःचा फोन नव्हता. तिनं माझा नंबर सांगितला. दुकानाचा का नाही, असं मी नंतर विचारलं तर म्हणाली, “तथी मोटर टेस्टिंगले लागली की फोन ऐकूच येत नाई. तू हायेस ना.”

तू हायेस ना. एवढं सहज.

प्रसंग सगळ्यांना एकच दिला होता. घरातला कर्ता माणूस गेलाय, चौकशीला सरकारी माणसं दारात आली आहेत, आणि त्याची बायको बाहेर येते. सगळ्या मुली रडल्या. मीही रडले — आवाज न करता, मला वाटतं बरी रडले. रेहाना रडलीच नाही. ती बाहेर आली, समोरच्या माणसांकडे पाहिलं, आणि त्यांना बसायला काय द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहू लागली. नसलेली बाज पदरानं झटकली. म्हणाली, “पाणी आणू का जी?” आत गेली, आणि हातात नसलेला पेला धरून दारातच उभी राहिली. पुढे येईना. बस, इतकंच.

 लाइट धरलेल्या माणसानं मान खाली घातली. आपल्याकडे दारात कुणीही येवो, आधी पाणी — हे मला माहीत नव्हतं का? जन्मभर पाहिलं होतं. मला सुचलं नाही. दाराशी उभी राहून मी तिला पाहत होते आणि मनात म्हणत होते, हे तिलाच का सुचलं. मी त्याला तेव्हा नाव दिलं नाही. आज देते. तो हेवा होता.

काही दिवसांनी दुपारी फोन आला. मी घरी कपड्यांना इस्त्री करत होते. पलीकडे दिग्दर्शकांचे सहायक होते, अकोल्याला आमची ऑडिशन घेणारे. म्हणाले, “रेहाना आहे का?”

मी म्हटलं, ती माझी मैत्रीण, मला सांगा.

दिग्दर्शकांना तिचंच काम आवडलं होतं. नायिकेच्या धाकट्या जावेची भूमिका होती, चांगली मोठी. मग ते जरा घुटमळले. शूटिंगचे दोन-तीन आठवडे गावातच मुक्काम करावा लागेल — “तिच्या घरी चालेल ना? म्हणजे, मुस्लिम आहे ना ती...”

त्यांनी दार किलकिलं केलं होतं एवढंच. आत मी शिरले.

मी म्हटलं, “नाही चालणार. तिचे वडील फार कडक आहेत. ऑडिशनलाही ती लपूनच आली होती. प्लीज, त्यांच्या दुकानावर फोन करू नका, तिलाच त्रास होईल.”

लपून! दुकानाला कुलूप लावून जो माणूस दिवसभर झाडाखाली बसला होता, त्याच्याबद्दल मी हे बोलले. आणि ते शेवटचं वाक्य — ते कुणी मागितलं होतं? ते मी विचार करून जोडलं, कुणी खातरजमा करू नये म्हणून. घाबरून तोंडातून गेलं असं मी स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं आहे. पण घाबरलेलं माणूस इतकं नीटनेटकं बोलतं का?

ते म्हणाले, “वाटलंच होतं मला.” त्यांना शंकासुद्धा आली नाही. माझी भाषा स्वच्छ, मधेमधे इंग्रजी, आवाज हळू. आणि मी जे सांगत होते ते त्यांनी आधीच मानलेलं होतं. ते तसं मानत असणार हे मला माहीत होतं — म्हणून तर मी दुसरं कुठलं खोटं शोधलं नाही. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही कराल का? तुमचंही नाव होतं.” मी हो म्हटलं. इस्त्री तशीच राहिली होती, ओढणी जळाली.

संध्याकाळी रेहानाला सांगितलं, की माझी निवड झाली. तिनं मला मिठी मारली. मग जरा थांबून म्हणाली, “माह्याबद्दल काई बोलला का?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून माझे संवाद पाठ करून घ्यायला बसली. दुकानात मोटरींच्या आवाजात, तारांच्या रिळांमध्ये, तिचीच भूमिका ती मला वाक्यावाक्यानं शिकवत होती. मी शिकत होते. चाचा मधेच चहा पाठवायचे.

शूटिंगला मी ते पाण्याचंही केलं. पदरानं बाज झटकली, पेला घेऊन दारात थांबले. दिग्दर्शकांनी विचारलं, ऑडिशनला त्या मुलीनंही हेच केलं होतं ना? मी म्हटलं, “आमच्याकडे असंच असतं.”

त्या एका प्रसंगावर मला पुढची कामं मिळाली. मोठी नाहीत — मालिकेतली मोलकरीण, गावाकडची बहीण, पण मिळत गेली. रेहानानं मात्र पुढच्या वर्षी युवक महोत्सवातसुद्धा नाव दिलं नाही. “जाऊ दे वं,” म्हणाली, “माहा चेहरा बसत नाई त्याच्यात. पास झाली असती त बलावलं नसतं का?” आता ती अकोल्याला प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांची नाटकंही ती बसवत नाही, असं तिच्या बहिणीकडून कळलं.

सिनेमा अमरावतीत दाखवला तेव्हा रेहाना आणि चाचा माझ्यासोबत आले होते. नंतर दिग्दर्शक मंचावरून बोलले. म्हणाले, इथल्या ऑडिशनमध्ये एक मुस्लिम मुलगी भेटली होती, तिच्यासारखं काम मी क्वचितच पाहिलं, पण बापानं पाठवलं नाही. अशा किती मुली घरातच संपतात! लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी च्‌च्‌ केलं.

मी रेहानाकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर चाचा स्कूटरला किक मारता मारता थांबले. म्हणाले, “कशे लोक राहतात पाह्य बरं बेटा. एवढी हुशार पोरगी, अन् बापानं घरात बसवून ठेवली. कोण असन बिचारी?”

रेहाना त्यांच्या मागे बसली. 

मी म्हटलं, “माहीत नाही, चाचा.”