कंसात काय उरलं

हे आजवर कोणालेच सांगितलं नाही. नवऱ्यालेही नाही. तुम्हाले सांगून राहिले — ऐकून घ्या, नाहीतर माझं मन फिरेल.

मी रायपुरात गणित शिकवते. सामाईक अवयव बाहेर काढायचा धडा आला की मले अजून असा हुरूप येतो म्हणता! बारा एक्स अधिक अठरा — सहा दोघांतही दडलेला असतो ना? त्याले कंसाबाहेर ओढलं की आत नुसतं दोन एक्स अधिक तीन. शिकवता शिकवता माझा आवाज चढतो. पोट्टे म्हणतात, मॅडम, आज तो आप मूड में हो.

गणिताचं हे वेड मले लावलं सुमीनं, माझ्या मावसबहिणीनं. शहर नुकतंच राजधानी झालं होतं. आम्ही आठवीत, पुरानी बस्तीत एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहत होतो. नव्या राज्याच्या गणित स्पर्धेले शाळेतून एकच पोट्टी जाणार होती, आणि सर फळ्यासमोर उभं करून निवडणार होते. सारा पारा म्हणे, सुमीच जाईल. होतीच ती माझ्याहून तेज! फक्त या धड्याच्या वेळी ती काविळीनं घरी पडून होती — म्हणून तो मी तिले शिकवला.

आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, सात एक्स अधिक सात — सात बाहेर काढला, तर दुसऱ्या सातच्या जागी काय उरलं?

एक उरतो. मले माहीत होतं. तोंडाशी आला होता तो एक — मग काहून गिळला मी?

"काही नाही," मी म्हटलं. "तो पुराच बाहेर गेला ना."

दुसऱ्या दिवशी सरांनी तसलंच गणित घातलं, आणि तिनं फळ्यावर कंसात नुसता एक्स लिहिला. सर हसले, वर्ग हसला. सुमीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. नंतर मी उठून कंसात एक लिहिला, तो तिनं पाहिलाही नाही. स्पर्धेले मी गेले. आणि खरं सांगू? नाचत गेले!

सुमीनं पुढं गणित सोडलं. माझ्या डोक्यात ते शिरतच नाही, असं हसत सांगते सगळ्यांले.

मागच्या रविवारी तेलीबांध्याले तिच्या घरी गेले होते. तिची पोट्टी पुस्तक घेऊन आली — मौसी, सात पूरा बाहर गया, तो अंदर क्या बचा? माझ्याआधी स्वयंपाकघरातून सुमीच बोलली.

"काही नाही उरत, बेटा. मौसीनंच शिकवलं होतं मले."

एक उरतो, मी पोट्टीले सांगितलं. सुमी दारात आली. हात कणकेचे.

"एक?"

हव, मी म्हटलं. मले तेव्हाही माहीत होतं, हे नाही सांगितलं.