धुळीचं काही ठरेना

कंपनीच्या गेटवर वॉचमनने हाक मारली, तेव्हा मी हातमोजे काढत होतो. "सदाभाऊ, कापड्याहून निरोप आलाय. तुमचा तो सुतार मित्र... गेला." खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला. म्हटलं, गेलास ना अखेर, काही न ठरवता!

गोविंद आणि मी एकाच आळीतले. मी महाडच्या कारखान्यात लागलो, बिरवाडीला खोली घेतली. तो कापड्यालाच राहिला, घरामागच्या पडवीत पाळणे, देव्हारे करत. सांध्यावरून बोट फिरवलं तरी सांधा कळायचा नाही, असा हात. मग त्याच्या मेव्हण्याने आखातातून राउटर आणला, लाकडात नक्षी कोरणारं विजेचं यंत्र. आठ दिवसांचं काम दीड दिवसात व्हायला लागलं आणि स्वारी हरखून गेली. पण रंध्याचा भुसा जमिनीवर पडतो, झाडून टाकता येतो. राउटरची धूळ पिठासारखी, हवेतच तरंगते. ती जागच्या जागी ओढून घेणारं काहीतरी बसवायला हवं होतं. एवढंच ठरवायचं होतं हो! दोन वर्षं गेली त्यात.

दर रविवारी मी गेलो की हाच विषय. कामाच्या बाकावरच्या धुळीत बोटाने चित्र काढून मला समजवायचा. खिडकीत पंखा लाव म्हटलं, तर समोर येसूकाकीचं वाळवण. काकी शेजारीण, तिच्या मागच्या अंगणात कधी पापड, कधी आमसुलं, कधी भात पसरलेला. पंखा सगळी धूळ तिथेच फेकणार.

"मग विचार ना तिला."

"विचारलं तर ती नाय म्हणणार नाय रे. मग कसं विचारू?"

कपाळ माझं! बरं, कारखान्यात असतं तसं पिंप ठेवू म्हटलं. हवा आत गोल फिरते, जड भुसा खाली बसतो. ते पटलं त्याला. पण बारीक धूळ वरच्या तोंडातून बाहेर जाणारच, ती कुठे सोडायची? शेवंतीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मांजरपाटाची जाड पिशवी शिवून दिली. भरून झटकली, तर धूळ आरपार. एका बंद पडलेल्या भातगिरणीचा हवा ओढणारा ब्लोअर, पिंप, पाईप असं सगळं मी एसटीच्या टपावर टाकून नेलं. तर हा म्हणे, पाईप रुंद घेतला तर ओढ कमी पडते, अरुंद घेतला तर तुंबतो. अरे, कुठला तरी घे आणि बसव एकदाचा! ब्लोअर वर्षभर कोपऱ्यात पडून राहिला. आणि तोवर हा काय करत होता? काकीच्या वाळवणावर धूळ नको म्हणून खिडकी घट्ट बंद, तोंडाला पंचा, आणि आत राउटर चालू.

"किती खोकतोयस, गोविंद."

"हाय तो खोकला. पावसाळ्यात होतोच."

"हा मे महिना आहे!"

त्यावर हसला, आणि हसता हसता पुन्हा खोकत बसला. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुळीत बसायचं नाही. मीच नेलं होतं त्याला. घरी परतल्यावर चहा प्यायला आणि थेट पडवीत, कारण कुणाचा तरी पाळणा राहिला होता. "बारसं काय पुढं ढकलतात काय?" म्हणाला. माझं डोकंच फिरलं. "मेल्यावर ठरव मग धुळीचं!" असं बोलून मी निघून आलो. त्यानंतरचे दोन रविवार गेलोच नाही... तिसऱ्याच्या आत निरोप आला.

दहाव्याला येसूकाकी पायरीवर बसून रडत होती. न राहवून मी तिला खिडकीचं सांगितलं. "अरे, मला बोलला असता एकदा! मी वाळवण पुढल्या अंगणात घातलं असतं. माझं काय अडलं व्हतं रं?" मला तिथे बसवेना. उठून नदीपर्यंत चालत गेलो आणि वाटेत त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो.

गेल्या रविवारी कापड्याला गेलो आणि कुणाशी न बोलता कामाला लागलो. पिंप उभं केलं, ब्लोअर जोडला, पाईप खिडकीतून काकीच्या अंगणाकडे काढला. काकीच म्हणाली होती ना, वाळवण पुढल्या अंगणात घातलं असतं म्हणून. दुपारचं जेवण व्हायच्या आत सगळं तयार! दोन वर्षं ज्याच्यावरून त्याने माझं डोकं खाल्लं ते काम. बटण दाबलं. काय ओढ होती! बाकावरची धूळ सरसर पाईपच्या तोंडाकडे निघाली.

"बंद करा! भावोजी, आधी बंद करा ते!" वहिनी चुलीवरून धावत आल्या, हात पिठाचे.

मी बटण बंद केलं. त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. धुळीत चित्र होतं, त्याच्या बोटाचं. पिंप, ब्लोअर, आणि पाईप... पण तो खिडकीकडे जात नव्हता. मागच्या भिंतीतून निघून उकिरड्यावर जात होता, शेणखतात. तिथे त्याने गोल काढून फुली मारली होती.

"शेवटचं दवाखान्यात नेलं, त्या सकाळी काढलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, ठरलं. सदा रविवारी आला का दाखवतो."

फुलीचा अर्धा भाग मी ओढून टाकला होता. उरलेल्यावर वहिनींनी परात पालथी घातली. मी खिडकीतला पाईप काढला आणि मागच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं.