पाचव्या खंडासाठी कळंब, खालापूर

"पाचवा खंड मिळाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस," निघताना माझ्या थोरल्या भावानं, दादानं, अंथरुणातून बजावलं. त्याला माझं तोंड दिसत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याची नजर गेल्या वर्षी गेली. आता तर त्यानं अंथरूणच धरलंय. अभिजात ग्रंथांचं आमचं कपाट त्यानं पोटाला चिमटा घेऊन भरलं, मी नुसती धूळ पुसली. त्यात एका महाकाव्याचं जुनं मराठी भाषांतर आहे, हिरव्या कापडी बांधणीचं. पाचपैकी चारच खंड मिळाले होते आणि ते चारही मी त्याला वाचून दाखवले होते. शेवट तेवढा राहिला होता. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्याचं भाषांतर आणू का विचारलं, तर दादा भिंतीकडे वळला. हट्टीपणात त्याचा हात कुणी धरणार नाही.

कळंबच्या एका निवृत्त गुरुजींकडे पाचवा खंड असल्याचं एका जुन्या पुस्तकवाल्यानं सांगितलं, म्हणून पुण्याहून गाडीत बसलो. ठाकुरवाडीच्या आसपास डोंगर वणव्यानं काळे पडले होते. कर्जतला उतरून एसटी धरली. दोन्ही बाजूंना राब (भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन) धुमसत होते. हवेत राख होती आणि माझंही मन उगाच खचत चाललं होतं.

गुरुजींच्या घरी त्यांच्या सुनेनं पाणी दिलं आणि सासरे दिवाळीआधीच गेल्याचं सांगितलं.

"तुमी उशीर केलात, काका. आमाला जागा पुरत नाय. खालापूरकडच्या रिसॉर्टवाल्यांनी समदी पुस्तकं नेली. नीट मांडून ठेवतो बोलले."

नीट मांडून ठेवतो, हे ऐकून जीव जरा भांड्यात पडला. रद्दीत तरी गेली नाहीत.

कर्जतला परत येऊन रिक्षा ठरवली. रिसॉर्टच्या फाटकावर 'चुलीवरचं गावरान जेवण' अशी भली मोठी पाटी होती. मॅनेजर बाहेर गेला होता, म्हणून जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (सोललेल्या वालाची रसभाजी) आणि सुक्या बोंबलाची चटणी. चुलीपाशी बसलेल्या मावशी आग्रहानं वाढत होत्या. भाकरी अशी टम्म फुगलेली की मी तोंडभर कौतुक केलं आणि आणखी एक मागून घेतली.

मॅनेजर आला. अदबीचा, तरुण मुलगा. त्यानं मला मोठ्या खोलीत नेलं. एक अख्खी भिंत पुस्तकांची होती. हिरवं कापड, सोनेरी अक्षरं, पाचवा खंड. मी हात घातला, पण बोटं मागे जाईनात. फळीवर पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेल्या होत्या.

"फळी अरुंद होती, म्हणून पाठी कापून घेतल्या," तो म्हणाला. "फोटोला छान दिसतं."

आतली पानं कुठे आहेत, म्हणून विचारलं. त्यानं स्वयंपाकाच्या पडवीकडे बोट केलं.

मावशींनी माझ्यासमोर गोणी झटकली. धूळ निघाली, बाकी काही नाही.

"जुना कागद चुलीत लगेच पेट धरतो. आजच संपला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "कामाचा व्हता का, भाऊ?"

त्यांच्यावर रागावून काय उपयोग? पण त्याच चुलीवरच्या भाकरीची चव अजून तोंडात होती. मॅनेजरनं चाकूनं ती पाठ सोडवून दिली. ती खिशात घालून मी परतीच्या गाडीत बसलो. घाट चढताना खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. या तालुक्यांत लोक हवापालटाला येतात म्हणे. मी तिथून राख होऊन परतलो.

दादा जागाच होता. खोटं बोलायचं गाडीत ठरवलं होतं, पण त्यानं हात पुढे केला आणि मी ती पाठ त्यात ठेवली. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, मग मागची बाजू चाचपली.

"एवढंच?"

"एवढंच." मी चुलीचंही सांगितलं.

त्यानं ती पाठ उशाशी ठेवली. मग म्हणाला, "पहिला खंड काढ. चौथा संपेल तोवर मी काही नसणार. पाचवा लागायचाच नाही."

मी पहिला खंड काढला आणि जमेल तितका सावकाश वाचू लागलो.