चिनी कापडवाल्याची आई

मी काही लिहावे एवढी माझी लायकी नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी त्या चिनी कापडवाल्याविषयी लिहितो. भोरहून सायकलवर रेशीम घेऊन तो आमच्या उत्रोलीला येई. हात पुसल्याशिवाय गठ्ठा सोडत नसे.

जपान्यांनी त्याचे शहर घेतल्याचे मी वर्तमानपत्रातून वाचून सांगितले. तो एवढेच म्हणाला, "आई तिथे."

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी भाकरी नेतात. त्याची आई गेलीच असे धरून आत्याने त्यालाही पिठलं-भाकरी वाढली.

"आज सण?" त्याने विचारले.

"व्हय रं लेकरा. पोटभर खा," म्हणून आत्याने तोंड फिरवले.

पुढच्या फेरीला तो सायकल टाकून थेट आत्याकडे धावला. पुण्यातल्या एका चिन्याकडून निरोप आला होता: आई डोंगरातल्या मावशीकडे सुखरूप पोचली होती.